अ‍ॅव्हरेजचा नारळ

ड्रायव्हर लोक चार टाळकी जमून बसले की किस्से काढावे लागत नाहीत, आपोआप सांडतात. एक सांगावा तर त्याच्या मागून दुसरा हॉर्न वाजवत येतो. पण मी आमच्या मिलचे किस्से सुरू केले की बायको आतून ओरडते, "आधी बीपीची गोळी घ्या!" कारण ऐकणारे हसतात अन् माझं डोकं फिरतं. इतकी वर्षं झाली, तरी फिरतं!

मिल म्हणजे भंडाऱ्याजवळची बन्सीसेठची राइस मिल. सत्तर-ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सेठजवळ चार डिझेल पिकअप होत्या. आम्ही मेटाडोर म्हणायचो. तांदूळ घेऊन नागपूरला जा, रायपूरला जा, मधात जे भाडं भेटेल ते घे. अन् सेठच्या डोक्यात एकच किडा: अ‍ॅव्हरेज! एका लिटरात गाडी किती पळते, बस. पोरगी झाली म्हणून पेढे घेऊन गेलो, तर पेढा तोंडात टाकून मला म्हणतो, "ते ठीक हाये. पर गाडी किती देऊन राहिली?"

दसऱ्याला मिलमध्ये गाड्यांची पूजा व्हायची. चार गाड्या, पण नारळ एकच! वर्षभरात जी गाडी सगळ्यात कमी डिझेल प्यायली, तिच्यापुढं सेठ स्वतःच्या हातानं नारळ फोडायचा. तिच्या ड्रायव्हरला टॉवेल-टोपी, अन् वर्षभर नोकरी पक्की. बाकीच्यांच्या चाकाखाली नुसतं लिंबू. लिंबूवाल्यानं पुढचा दसरा पाहायला भेटते की नाही, याची काळजी करत गाडी चालवायची.

तो नारळ नंतर बंद झाला. कसा झाला, ते शेवटी सांगतो.

*

टाकी काठोकाठ भरल्याशिवाय अ‍ॅव्हरेज बरोबर निघत नाही, असं कोणीतरी सेठच्या कानात भरवलं. झालं! सेठ स्वतः शहापूरच्या पंपावर हजर.

"हलवा बे गाडी! आत हवा बसली हाये!"

आम्ही चौघं फाळक्याला धरून गाडी हलवतोय. मागं एसटी थांबलेली, माणसं खिडकीतून तमाशा पाहतायत. हवा निघाली की अजून थोडं डिझेल, पुन्हा हलवा, पुन्हा थोडं. सेठ वाकून टाकीच्या तोंडात डोकावतोय. शेवटी टाकीच कंटाळली. भसकन उलटी केली अन् सेठचं पांढरंशुभ्र धोतर गुडघ्यापासून खाली डिझेलनं भिजलं.

पंपावरचा माणूस इकडंतिकडं न पाहता म्हणाला, "सेठजी, धोतराचा अ‍ॅव्हरेज येगळा काढाचा का?"

एसटीतले लोक हसले, सेठ माझ्यावर खेकसला. मी काय केलं होतं? मी फक्त हलवत होतो!

*

मग फर्मान निघालं, काटा चाळीसच्या वर गेला तर घरी बसा. हळू चालवलं की डिझेल वाचतं. वाचतं, मान्य. पण भर उन्हाळ्यात पवनीहून मासे घेऊन नागपूरच्या बाजारात जायचं असलं तर?

यशोदाबाई ढिवरीण माझ्या बाजूला बसलेली, मागं बर्फात तिचा माल. बैलगाड्या सोडून सगळे आम्हाला ओव्हरटेक करून राहिले. ती दर मैलाला म्हणायची, "बापू, जरासा दाब नं!" मी म्हणायचो, "मावशी, नोकरी जाते." मागून बर्फाचं पाणी रस्त्यावर गळत होतं अन् इकडं बाई वळून वळून मागं पाहत होती.

बाजारात पोचलो तेव्हा व्यापाऱ्यांनी नाकाला रुमाल लावला. पहाटेपासून डोंग्यात बसून धरलेला माल उकिरड्यावर गेला. मला वाटलं, आता बाई मला मारते. तिनं रिकामी टोपली उचलली अन् म्हणाली, "तुया सेठले एवढं सांगजो. वाचलेल्या डिझेलात तळून खाय म्हना!"

मी तसंच जाऊन सांगितलं. सेठनं विचारलं, "डिझेल वाचलं किती?"

*

एक दिवस पाहतो तर गाडीची स्टेपनी गायब. मिलच्या भिंतीला मोठे खिळे, त्यांच्यावर चारही स्टेपन्या ओळीनं टांगलेल्या! मुनीमजी म्हणाले, "सेठजीचा हुकूम. फालतूचं वजन कायले वागवता? वजन कमी, अ‍ॅव्हरेज जादा."

मी म्हणालो, "मुनीमजी, पंक्चर झालं तं?"

"पाहून चालवाचं."

पाहूनच चालवली. तरी बपेऱ्याला, पार मध्य प्रदेशच्या हद्दीजवळ, मागचं चाक बसलं. तेही असं फाटलं की पंक्चरवाल्यानं हातच जोडले. एसटीच्या कंडक्टरजवळ मिलला निरोप धाडला अन् पोत्यांवर बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी धूळ उडवत एक गाडी आली. आत बन्सीसेठ, डिक्कीत माझी स्टेपनी. जाऊन-येऊन एवढा रस्ता, सेठची स्वतःची कार, अन् पेट्रोलची!

मी नुसतं त्या कारकडं पाहिलं.

"काय पाहून राहिला बे?" सेठ चिल्लावला. "ते घरची गाडी हाये!"

*

आता हसायचं बंद.

एका वर्षी रस्त्याचं काम चालू होतं. सगळीकडं गिट्टी, खड्डे, डायव्हर्शन. सगळ्यांचाच अ‍ॅव्हरेज पडला. पण डिझेलचोरीचा संशय कोणावर? माझ्यावर! तालुक्यात सुई हरवली तरी पहिले आमच्याच वस्तीकडं बोट दाखवणारी माणसं ती. मुनीमजी दोन हमाल घेऊन माझ्या घरी आले. मी गाडीवर. घरात म्हातारी माय एकटी. पायातले जोडे न काढता हा माणूस सरळ आत घुसला, भिंतीवर बाबासाहेब अन् बुद्धाचे फोटो, त्यांच्याखालची पेटी उघडली, उतरंड हलवली. चुलीमागं एक बाटली भेटली.

"हे काय हाये वो?"

मायनं बाटलीचं बूच काढून त्याच्या नाकाजवळ नेलं. "हुंगा जी. कंदिलाचं घासलेट हाये. घासलेटातलं अन् डिझेलातलं समजत नाई, तं मिल कोनाच्या भरोशावर चालवता?"

दारात जमलेली आख्खी वस्ती हसली. मुनीमजी निघाले, तर मायनं हाक मारून थांबवलं, "अन् पुढच्या येळी जोडे बाहेर!"

माफी? नाव नका काढू. सेठनं मला एवढंच सांगितलं, "तुयी माय लय बोलते."

*

आता संपत. संपत आमच्यातला सगळ्यात हसरा गडी. घरी बायको अन् दोन लहान पोरी, म्हणून त्याला नोकरी पक्की पाहिजे होती. एका दसऱ्याच्या आधी सेठनं आम्हा सगळ्यांना मिलच्या आवारात उभं केलं अन् विचारलं, "घाटातून खाली येताना इंजिन कायले चालू ठेवता बे? उताराले का डिझेल लागते?"

मी म्हणालो, "सेठजी, इंजिन बंद केलं की ब्रेक दगडावानी होते. पायानं दबत नाही."

"भेकड हाये तू."

संपतनं ते मनावर घेतलं. देवरीचा घाट (तेव्हा देवरी आपल्याच भंडारा जिल्ह्यात होती) लागला की हा खटका ओढून इंजिन बंद करायचा अन् गाडी सोडून द्यायचा. मी त्याला शिव्या घातल्या, हात जोडले. तो हसायचा. "शालिकभाऊ, उतार फुकटचा हाये नं!" लागोपाठ दोन दसरे नारळ संपतच्या गाडीपुढं फुटला. सेठ त्याच्या पाठीवर हात ठेवून आम्हाला म्हणायचा, "शिका याच्यापासून."

तिसरा दसरा जवळ आला होता. तांदूळ भरलेली गाडी, घाटाचं वळण, समोरून बैलगाडी. संपत ब्रेकवर उभा राहिला, पण ब्रेक कुठं दबते? त्यानं बैलगाडी वाचवली अन् मोहाच्या झाडावर गेला. उजवा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

दवाखान्यातून आल्यावर त्यानं सेठला एकच मागितलं. गेटवरची खुर्ची. बसून गेट उघडायचं, लावायचं, एवढंच. त्याच्या घरची चूल त्या खुर्चीवर पेटणार होती. आम्ही सगळे त्याच्यासोबत गेलो होतो.

सेठ म्हणाला, "तुया मनानं इंजिन बंद केलं तू. मी म्हनलो होतो का? अन् गेटवर असा मानूस बसवला तं गिऱ्हाईक काय म्हनल?"

मुनीमजी छताकडं पाहत होते. माझ्याच्यानं राहवलं नाही. "सेठजी, तुमीच म्हनले होते. म्या आपल्या कानानं ऐकलं."

सेठनं चष्मा वर केला. "तुया गाडीचा अ‍ॅव्हरेज किती गा?"

*

संपतची गाडी विम्याच्या भानगडीत वर्षभर मिलच्या आवारातच पडून राहिली, कोंड्याच्या ढिगाजवळ. तोंड चेपलेलं, काच नाही, पुढच्या चाकाजवळ गवत वाढलेलं. खुर्चीचं विचारायला संपत अधूनमधून यायचा. सेठ आतून निरोप धाडायचा, पाहू.

पुढच्या सालचा दसरा आला. गाड्या धुतल्या, झेंडूचे हार चढले, चाकांखाली लिंबं ठेवली. मिलमधल्या बाया, हमाल, बाजारातले व्यापारी, सगळे जमले. सेठ नवं धोतर नेसून, हातात नारळ घेऊन आला. नारळाच्या गाडीचं नाव वाचायला मुनीमजींनी घसा साफ केला.

तेवढ्यात गेटमधून कुबडी टेकत संपत आला. अंगावर मागच्या नारळाचा टॉवेल, डोक्यावर तीच टोपी. हातात झेंडूचा हार. सरळ कोंड्याच्या ढिगाजवळ गेला, त्या चेपलेल्या गाडीला हार घातला अन् बाजूला उभा राहिला.

"मुनीमजी, नाव नका वाचू," तो म्हणाला. "यंदाचा नारळ इथंच फोडा लागते. वर्षभर एक थेंब डिझेल नाई पेली ही!"

कोणी हसलं नाही. मिलचा पट्टा बंद होता, त्यामुळं सगळ्यांना नीट ऐकू गेलं. सेठनं व्यापाऱ्यांकडं पाहिलं, व्यापारी सेठकडं पाहून राहिले. मी माझ्या गाडीच्या चाकाखालचं लिंबू उचललं अन् संपतच्या मागं जाऊन उभा झालो. बाकीचे दोघंही आले. सेठ चार पावलं पुढं आला. नारळ धरलेला हात वर गेला अन् वरच राहिला.

संपतनं टोपी नीट केली.

"फोडा नं सेठजी. काहून थांबले?"