छत्तीस फोटोंचं देऊळ

माणसांकडे पाठ फिरवून भिंतींचं इतकं कोडकौतुक करणारा माझ्या आतेभावासारखा दुसरा गृहस्थ अख्ख्या मुंबईत झाला नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो. बँकेत कारकून, राहायला मुलुंडला. वर्षभर रजा साठवायची, गळ्यात कॅमेरा अडकवायचा आणि जुनी देवळं, किल्ले, घुमट गाठायचे, हाच त्याचा संसार. त्यातही अख्खी इमारत कधी टिपायची नाही. ते काम कॅलेंडरवाल्यांचं, असं त्याचं ठाम मत. ह्याला हवी खांबाची बैठक, कमानीचा सांधा, फार तर कडीकोयंडा. विजापूरला एका घुमटाखाली कॅमेरा छातीवर धरून हा इतका वेळ उताणा पडून राहिला, की चक्कर आली असं समजून पहारेकऱ्यानं तोंडावर पाणी मारलं. ह्यानं उठून आधी लेन्स पुसली आणि "जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय" म्हणून त्यालाच दटावलं.

माझ्या लग्नात त्याच्यावर कॅमेरा सोपवायची चूक मी केली. इकडे मंगलाष्टकं चालू आणि साहेब घाटकोपरच्या त्या जुन्या कार्यालयाच्या जिन्याचा बिडाचा कठडा टिपण्यात गुंग. नंतर एकदा आम्ही सगळे त्याच्याबरोबर सहलीला गेलो, केस विंचरून एका जुन्या वाड्याच्या दरवाजासमोर ओळीनं उभे राहिलो. रोल धुऊन आला तर तळाशी आमची सहा कपाळं आणि वर सज्जाखालचे दगडी टेकू पानाफुलांसकट. मी भडकलो. तो म्हणाला, "अरे यार, तुझं तोंड मी रोज बघतो ना! हे टेकू मुलुंडला दिसणारेत का?"

पुढे आत्या अंथरुणाला खिळली. तिनं एकच ध्यास घेतला होता, गावच्या देवीचं दर्शन. कोकणातल्या प्रवासाला डॉक्टरांनी साफ मनाई केली होती. "झिला, माझ्याच्यान आता जावचा नाय. तूच जा आणि देवीचो फोटो हाड," ती लेकाला म्हणाली. एसटीत बसवताना मी त्याला बजावलं, "हे बघ, खांबबिंब राहू दे. एक देवी आण. एक!"

आठवड्याभरात फोटो हातात आले. छत्तीसच्या छत्तीस फोटो आणि देवीचा पत्ता नाही. "गुरवानं गाभाऱ्यात काढू दिला नाही," म्हणे.

"मग बाजारातली तसबीर तरी आणायचीस! वाट लावलीस तू," मी ओरडलोच.

त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आत्याच्या उशाशी स्टूल ओढलं आणि एकेक फोटो तिच्यासमोर धरू लागला. पहिला पायऱ्यांचा.

आत्यानं डोळे बारीक केले. "तिसरी पायरी अजून हलता?"

"हलता गे, आये."

मग विहिरीचा काठ. आत्या म्हणाली, "थांब. पाय धुवूक होये." तो थांबला. खरोखरच थांबला, तिनं मान हलवीपर्यंत. दीपमाळ झाली, सभामंडप झाला. एका खांबाशी ती हसली. लग्नानंतर पहिल्या जत्रेला माहेरी आली, तेव्हा ह्याच खांबाला टेकून ती रात्रभर दशावतार बघत बसली होती. ज्या वाटेनं आत जायचं त्याच क्रमानं ह्या शहाण्यानं फोटो काढले होते, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. शेवटचा फोटो गाभाऱ्याच्या उंबऱ्याचा, पायांनी मधोमध झिजलेला. आत्यानं चादरीतून हात काढला, फोटोतल्या उंबऱ्याला लावला आणि कपाळाला टेकवला.

"रोल हयच संपलो, आये," तो हळूच म्हणाला.

"फुडचो फोटो कित्याक होयो?" आत्यानं डोळे मिटले. "फुडचा माका दिसता."

त्याच महिन्यात आत्या गेली. मी लहानपणापासून दर मे महिन्यात तो उंबरा ओलांडत आलो होतो. तो मधोमध एवढा झिजलाय, हे मला त्या फोटोत कळलं. आतेभावाला हे एकदा सांगायला हवं होतं. तो होता तोवर मी त्याची नुसती थट्टाच करत राहिलो.