प्रामाणिक विद्यार्थिनी

कणकवलीच्या स्टँडवर मला मामासोबत मुंबईच्या एस्टीत बसवताना वडिलांनी एकच उपदेश केला, "कोणी काय इचारल्यान तर होय म्हण. उलट बोललंस तर परत येशीत." गिरणी सुटली म्हणून ते स्वतः परत आलेले. आता मी तरी तिकडे टिकावं, हा त्यांचा हट्ट. गावात शाळा सातवीपर्यंतच. आई खिडकीखाली उभी होती, रडत नव्हती. रडले मी.

मुलींनो, हल्ली तुम्ही ग्रुपवर मुलुंडच्या त्या हॉस्टेलच्या आठवणींचा रतीब घालता. काय ते संस्कार, काय ती शिस्त, आणि काय त्या आपल्या रेक्टर बाई! संस्कार कसले डोंबलाचे? घरची पत्रं बाईंकडे उघडी द्यायची, त्या वाचून मगच चिकटवायच्या. म्हणून आपण सगळ्या दर रविवारी एकच पत्र लिहायचो: मी मजेत आहे, जेवण छान असतं. आमटीत डाळ शोधावी लागायची, तरी छान. आणि 'नेहमी खरे बोलावे' हे भिंतीवर रंगवलेलं होतं, तेही पत्रं लिहायच्या टेबलासमोर.

खोटं लिहायला नकार देणारी एकच, वंदना. विक्रोळीची. आई नव्हती आणि वडील कारखान्यात पाळ्या करायचे, म्हणून ती हॉस्टेलात. तिची कॉट माझ्या शेजारी. एक नंबरची फटकळ. माझ्या मालवणीला तुम्ही फिदीफिदी हसायच्यात, तेव्हा तुमच्या इंग्रजीची नक्कल करून तुम्हाला गप्प तिनेच केलं होतं.

दिवाळीनंतर मला ताप आला. आठ दिवस उतरेना. बाईंनी एक गोळी दिली आणि अभ्यास चुकवायची नाटकं म्हणाल्या. तुम्ही शहाण्या, कॉटी लांब सरकवल्यात. वंदनाने मात्र माझ्या आईला कार्ड लिहिलं आणि रविवारी भेटायला आलेल्या तिच्या वडिलांकरवी बाहेरच्या बाहेर टाकलं. हिला ताप आहे, डॉक्टर बोलावत नाहीत, येऊन घरी घेऊन जा.

आई आली. बाईंच्या ऑफिसात तिने ते कार्ड दाखवलं. वंदनालाही बोलावलं होतं, आणि तुम्ही दाराबाहेर कान लावून. बाई अजिबात चिडल्या नाहीत. असं असेल तर मुलीला आत्ताच न्या, म्हणाल्या, जागेसाठी रांग आहे. मग माझ्याकडे वळल्या.

"खरं सांग. ताप होता तुला?"

घरी जाणं म्हणजे शाळा संपणं, एवढं मला कळत होतं.

"नाही बाई. वंदना खोटं बोलते."

वंदनाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. महिन्याभरात तिला काढलं, आणि शाळा हॉस्टेलचीच असल्यामुळे तीही सुटली. घरी वडिलांचा डबा करते, एवढं कानावर आलं. मुलुंडहून विक्रोळी अशी काय लांब होती? पण मी गेले नाही. गॅदरिंगला मला प्रामाणिक विद्यार्थिनीचं बक्षीस मिळालं. त्याचा फोटो काल तुम्ही ग्रुपवर टाकलात, खाली ढीगभर बदाम. किळस येते मला तुमची, आणि त्याहून जास्त त्या फोटोतल्या दोन वेण्यांवालीची.

एक गोष्ट मात्र तुम्हाला दाराबाहेरून दिसली नाही. निघताना आईने माझ्या गळ्याला हात लावला. अंग तेव्हाही तापलेलंच होतं. तिने हात थोडा वेळ तसाच ठेवला आणि मग बाईंना म्हणाली, "पोरगी बरी आसा, बाई. रवांदे हंयसरच." आणि मला तिथेच ठेवून एकटी परत गेली.

मी शिकले, नोकरीला लागले, बोरिवलीत फ्लॅट घेतला. आई शेवटची पाच वर्षं माझ्याकडेच होती. रोज समोरासमोर बसून जेवलो, पण वंदनाचं नाव दोघींनीही काढलं नाही. आता कोणी घर कुठलं विचारलं की मी बोरिवली सांगून मोकळी होते. पण बरं वाटत नाही म्हटल्यावर जिथे विश्वास ठेवतात त्याला घर म्हणायचं असेल, तर ते मला एकदाच मिळालं, शेजारच्या कॉटवर. आणि ते मी आईच्या देखत खोटं ठरवलं.