करदोट्याची किल्ली

लाईट गेली की मामांचा हात आधी कमरेला जायचा. केबिनमधला पंखा पुरता थांबलेलाही नसायचा, तोवर करदोट्याला बांधलेली किल्ली त्यांच्या बोटांत आलेली असायची. मामा आमच्या कॉलनीचे वॉचमन. फर्दापूरजवळच्या एका खेड्यातून आलेले, साठीच्या पुढचे, धोतरावर खाकी शर्ट घालणारे. त्यांचं नाव रजिस्टरमध्ये होतं, पण तोंडात कुणाच्याच नव्हतं.

बीड बायपासच्या पलीकडं तेव्हा ज्वारीच्या रानात बंगले उगवत होते. आम्ही आठ घरांनी मोठ्या हौसेनं विजेवर सरकणारं फाटक बसवलं. रिमोट दाबला की ते रुळावरून ऐटीत बाजूला व्हायचं. वीज मात्र दिवसातून दोनतीनदा जायची आणि फाटक जागच्या जागी थांबायचं. "रुसला बघा नवरदेव," मामा म्हणायचे. मग मोटरच्या पेटीत किल्ली घालून फिरवायची आणि आतला दांडा ओढायचा, म्हणजे फाटक हातानं ढकलता येई. त्या पेटीची किल्ली एकच होती.

एकदा ढकलून उघडलेलं फाटक मामा लाईट येईपर्यंत लावत नसत. कुणी हटकलं की म्हणत, "लाईट गेली म्हनून मानसानं आत अडकून पडायचं व्हय?" अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे फार पटायचं. त्यांची सगळी हयात लासूर स्टेशनच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात गेलेली, बंगल्यात त्यांचा जीव रमत नव्हता. सकाळी ते केबिनबाहेर खुर्ची टाकून बसायचे आणि दोघं मिळून आभाळाला शिव्या द्यायचे. अण्णा माझ्याशी कधी इतकं बोलल्याचं मला आठवत नाही.

लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस गेला. आम्ही टँकरवर आलो. शेजारी एक इमारत अर्धी उभी होती, तिथल्या मजुरांच्या बायका लाईट गेल्यावर उघड्या फाटकातून हंडे घेऊन यायच्या आणि आमच्या हौदातून पाणी न्यायच्या. मामा दुसरीकडं बघायचे. मी विचारलं तर म्हणाले, "दोन हंड्यानं हौद आटत नाय, साहेब." मी कॉलनीचा सेक्रेटरी. बैठकीत सगळे माझ्यावर उखडले. मग मजुरांची ये-जा थांबावी म्हणून फाटकातलं छोटं दार आम्ही वेल्डिंग मारून बंद केलं आणि मामांकडची किल्ली मी काढून घेतली.

करदोट्याची गाठ सोडायला त्यांना वेळ लागला, तेवढा वेळ मी घड्याळ बघत उभा होतो. किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "एकदा फिरवून बघता का, साहेब? तिची एक खोड हाये."

"बघू नंतर," मी म्हणालो.

ते नंतर आलं नाही. लाईट गेली की मी किल्ली घेऊन खाली जायचो, मामा फिरवायचे, मी परत घेऊन यायचो. किल्ली माझ्या कपाटात असायची आणि कपाटाची चावी माझ्या खिशात. मला तेव्हा ही फार चोख व्यवस्था वाटली होती.

मे महिन्यात एका दुपारी मी शहरात, शहागंजात माठ घ्यायला गेलो होतो. अण्णांना फ्रीजचं पाणी चालत नव्हतं. घरी अण्णांच्या छातीत कळ आली. बायकोनं ॲम्ब्युलन्स बोलावली. ती आली तेव्हा लाईट गेलेली होती. फाटकावर टोकदार सळ्या, छोटं दार बंद, किल्ली कपाटात. बायकोनं मला फोन केला. मी म्हणालो, आलोच. शहागंजातून त्या गर्दीत कोण लवकर येतो?

पुढचं मला तिनं सांगितलं. मामांनी कुंपणावरून पलीकडच्या इमारतीकडं हाक मारली. मजूर धावत आले, बायकाही आल्या. पहारी लावून, खांदे देऊन त्यांनी ते अख्खं फाटक रुळावरून उचलून आडवं पाडलं. मग अण्णांना नेलं. संध्याकाळी दवाखान्यात अण्णा गेले. उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. माठ कितीतरी दिवस गाडीच्या डिकीत पडून होता. मला रडू आलं नाही. आजही येत नाही, आणि याची मला लाज वाटते.

तेराव्यानंतर मी किल्ली मामांना नेऊन दिली. मला वाटलं, आता हा माणूस चार शब्द सुनावेल. सुनावावेत, अशी माझी फार इच्छा होती. त्यांनी किल्ली करदोट्याला बांधली आणि विचारलं, "जेवलात का?"

त्यानंतर मामा चार वर्षं होते. फाटक पुन्हा रुळावर चढलं, छोटं दार उघडलं, हंडेही येत राहिले. अण्णांची खुर्ची मामा रोज पुसून बाहेर ठेवायचे, पण स्वतः तिच्यात बसायचे नाहीत. मग डोळे अधू झाले आणि त्यांचा मुलगा गावाहून न्यायला आला. निघताना त्यांनी करदोट्यातून किल्ली सोडवून माझ्या तळहातावर ठेवली आणि मला मोटरच्या पेटीपाशी नेलं.

"उघडा बघू."

मी किल्ली घातली, फिरवली. ढिम्म हलेना. जोर लावला. घामाघूम झालो.

"उलटी फिरते ती," मामा म्हणाले. "आधी जरा दाबायची, मंग डावीकडं. लई जनांना जमत नाय."

दाबली, डावीकडं फिरवली. खट्‌ असा आवाज झाला, मी दांडा ओढला आणि फाटक सुटलं. त्या दुपारी मी घरी असतो, किल्ली माझ्या हातात असती, तरी मामांशिवाय मला ते उघडता आलं नसतं. मामांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. चार वर्षांत त्यांनी ते एकदाही बोलून दाखवलं नाही.

"आता जमलं," ते म्हणाले आणि पिशवी उचलून, मी उघडलेल्या फाटकातून बाहेर पडले.