घर बघायला आलेला माणूस

मागच्या सोमवारी उदगीर स्टेशनवर एका गोऱ्या माणसाला घ्यायला गेलो होतो. हैदराबादच्या गाडीतून उतरला... उंच, पांढऱ्या केसांचा, पाठीवर पोरासारखी सॅक. हा माणूस आपला व्याही होणार की नाही, हे तेव्हा मला तरी माहीत नव्हतं.

माझी मुलगी ऋतुजा पुण्यात नोकरीला आहे. तिच्याच कंपनीच्या कामावर आयर्लंडचा एक मुलगा होता, लिअम. तो परत गेला आणि मग तिने घरी सांगितलं... लग्न करीन तर याच्याशी. पण अण्णा, तुम्ही हो म्हटल्याशिवाय नाही.

आता हो कसं म्हणायचं? मी मोंढ्यात धान्याच्या आडतीवर मुनीम आहे. पोत्याच्या तोंडाशी माल नेहमीच चांगला असतो, तळाशी हात घातल्यावर खरं कळतं. फोनवर हसणारं पोरगं म्हणजे पोत्याचं तोंड.

त्यात औशाहून माझे मेहुणे आले. म्हणाले, "दाजी, तिकडं त्याची एक बायको असंल की आधीच! घर बघितल्याबिगर हो म्हणू नका."

आमच्यात मुलगी द्यायच्या आधी घर बघतात. चार माणसं जातात, पाणी कुठलं, शेजार कसा ते बघतात, आणि गुपचूप गावात चौकशी करतात. माझा पासपोर्ट नाही, पोरीचा होता. म्हणून रीत मोडून मीच म्हणालो, तू जा, आठ दिवस राहा, डोळे उघडे ठेवून बघून ये.

तिने व्हिजिटर व्हिसाचा अर्ज केला. येण्याचं कारण काय, तर ती 'फिरायला' लिहीत होती. मी म्हणालो, शुभकार्याची सुरुवात खोट्याने नको. मग तिने लिहिलं... लग्न ठरवण्याआधी मुलाचं घर बघायला. आणि दोघांचा एकही फोटो जोडला नाही, कारण लग्नाआधी एकत्र फोटो काढायचा नाही हीसुद्धा माझीच ताकीद.

काही दिवसांनी नकार आला. ही मुलगी भारतात परत जाईल याची आम्हाला खात्री वाटत नाही, मुलाच्या घरच्यांशी ओळखीचा पुरावाही नाही, असा अर्थ होता. माझं डोकंच फिरलं. माझ्या पोरीवर संशय?

आणि लगेच दुसरी शंका... या पोरानेच तर तिकडून काही केलं नसेल? आपण तिथे पोहोचूच नये म्हणून? तसं बोलूनही दाखवलं. ऋतुजाने नकाराचा कागद माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाली, "अण्णा, तुम्ही त्याच्यावर संशय घेता, ते माझ्यावर घेतात. मी कुणाकुणाला काय दाखवू?"

त्या दिवशी देवापुढे बसलो, पण जपात मन लागलं नाही.

तर हा आलेला माणूस म्हणजे लिअमचा बाप, पॅट्रिक. गाई पाळणारा शेतकरी. तुम्हाला येऊ देत नाहीत तर मी येतो, असा निरोप आला होता. त्यांना मात्र इकडचा व्हिसा घरबसल्या मिळाला! मुलाला सुट्टी नव्हती म्हणे. म्हटलं, हेही ध्यानात ठेवू.

बोलणं कळावं म्हणून ऋतुजा रजा घेऊन घरी आली होती. माणूस दिसायला साधा. पण त्याची नजर घरभर फिरायची. गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण उघडून आत डोकावला. गोठ्यात जाऊन आमच्या म्हशीचे दात बघितले. मी त्याच्यावर लक्ष ठेवून होतो आणि तो आमच्या सगळ्यांवर.

तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या गुंडप्पाने चहा पुढे करता करता हळूच सांगितलं. "मुनीम, तुमचा पाहुणा लई चौकशा करायलाय. मोबाइल तोंडापुढं धरतो, मोबाइल मराठीत बोलतो. मुनीम पितो का, बायकोला मारतो का, पोरीचं आधी लगीन झालंय का..."

माझा चहा तसाच राहिला. "मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, माणूस देवभोळा हाय, सरळ हाय. फकस्त लई संशयी हाय."

तणतणत घरी आलो. पाहुणा ओसरीवर माझ्या बायकोसोबत तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. ऋतुजाला म्हणालो, विचार यांना, आमची चौकशी कशाला करत फिरता? तिने मान खाली घालूनच विचारलं.

तो कानापर्यंत लाल झाला. हातातल्या शेंगा खाली ठेवल्या आणि हळूहळू बोलला. ऋतुजा सांगत होती... "अण्णा, माझा व्हिसा नाकारला तेव्हापासून लिअमच्या आईला झोप नाही म्हणतात. सरकारनेच नाही म्हटलं, म्हणजे मुलीत काहीतरी खोट असेल, असं त्यांना वाटतं. निघताना त्या म्हणाल्या, शेजारीपाजारी विचारल्याशिवाय परत येऊ नका. एकुलता एक मुलगा आहे."

 समुद्रापलीकडे एक बाई माझ्यासारखीच रात्र रात्र जागत होती. आणि हा माणूस, भाषा येत नसताना, तिच्यासाठी गुंडप्पाच्या टपरीवर उभा राहिला होता. ज्याला फसवायचं असतं तो इतकं कशाला विचारत बसेल?

आतून बायको म्हणाली, "झाली का चौकशी दोघांची? हात धुवा, भाकरी गार व्हायल्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला महादेवाच्या देवळात नेलं. नारळ फोडला, त्यातला अर्धा त्याच्या हातात ठेवला आणि ऋतुजाला म्हणालो, सांग यांना, माझ्याकडून हो आहे. तिने सांगितलं की नाही, मला कळलं नाही... ती रडत होती. पण त्याला समजलं असावं. त्याने नारळ छातीशी धरला.

मग देवळाच्या पायरीवरच तिघांचा फोटो काढला. पुढच्या अर्जाला जोडायचाय. व्हिसा मिळेल की नाही, देव जाणे.

त्यांचं घर मी अजून बघितलेलं नाही. पण माझ्या पोत्यात तळापर्यंत हात घालून एक माणूस गेला, आणि मला त्याचा राग उरला नाही... मला वाटतं, सोयरीक तिथेच झाली.