मेंढीच्या कातड्याचे बूट

आर्वीच्या बसस्थानकासमोर मधुकररावांचं चपला-बुटांचं दुकान होतं. माल बेताचाच, पण दुकानदाराचं नाव मोठं. नागपूरहून कुणी कंपनीचे बूट आणले की आधी ते मधुकररावांसमोर ठेवायचे. ते तळवा वाकवून पाहत, टाके नखानं चाचपत, आत नाक घालून वास घेत आणि सांगून मोकळे होत, "डुप्लिकेट हाये. परत करून टाक." पंधरा वर्षांत त्यांचा शब्द खोटा ठरला नव्हता, आणि हे त्यांना स्वतःलाही पुरेपूर ठाऊक होतं.

२००६ सालच्या पावसाळ्यात शेजारचे निवृत्त मास्तर सदाशिवराव नातीला घेऊन दुकानात आले. नात गुंजन शिकायला कॅनडाला निघाली होती. नागपूरच्या एका सेलमधून तिनं मेंढीच्या कातड्याचे बूट आणले होते, बाहेरून मऊ चामडं, आतून दाट लोकर, वर परदेशी कंपनीचा छाप. पसंत नसले तर दोन दिवसांत परत घेऊ, असं विकणाऱ्यानं कबूल केलं होतं.

"मधुकरराव, पाहा बरं जरा," सदाशिवराव म्हणाले. "मले त यातलं काई समजत नाई. तिकडं बर्फ पडते म्हणतात."

असले बूट मधुकररावांनी जन्मात पाहिले नव्हते. दुकानात आणखी चार गिऱ्हाइकं बसलेली, सगळ्यांचे डोळे त्यांच्या हातांकडे. त्यांनी तळवा वाकवला, टाके पाहिले, वास घेतला. वास चामड्याचा होता. आत बोटं घातली तशी लोकरीचा एक झुपका अलगद सुटून चिमटीत आला. इतक्या सहज सुटावा? क्षणभर ते थबकले. मग झुपका त्यांनी खिशात टाकला आणि म्हणाले, "अस्सल हाये. घेऊन जा बिनधास्त."

गुंजननं वाकून नमस्कार केला आणि पुढच्या महिन्यात ती गेली.

डिसेंबरात सदाशिवरावांकडूनच बातमी कळली. गुंजन बसची वाट पाहत पाऊण तास बर्फात उभी होती. बुटात पाणी शिरलं, एका बुटाचा तळवा सुटून आला. घरी पोचेपर्यंत पायाची बोटं पांढरी पडून बधिर झाली होती. पुढे दवाखान्यात करंगळीचं टोक काढावं लागलं.

"थंडीच तशी हाये तिकडची," सदाशिवराव म्हणाले. "कोणाले दोष द्यावा?"

मधुकररावांना बुटातून सुटलेली ती लोकर आठवली. सदरा केव्हाच धुऊन झाला होता, खिशातला झुपका कुठल्या कुठे गेला होता. चार दिवसांनी ते नागपूरला गेले. तोच सेल पुन्हा लागला होता. तसलाच एक जोड घेऊन ते आर्वीला उतरले आणि घरी न जाता थेट गावाबाहेरच्या रानात गेले. तिथं मेंढ्यांचा कळप बसला होता. कळप राखणाऱ्या धनगरांतली भागाबाई जन्मभर लोकर कातत आलेली. तिच्या हातात त्यांनी बूट दिला.

भागाबाईनं आतली लोकर दोन्ही अंगठ्यांनी फाकवली. "हे पाह्य भाऊ. खाली कातडं दिसते का? जाळी हाये कापडाची. मेंढीची लोकर कातड्यातून उगवते, अशी जाळीवर चिकटवलेली नसते." तिनं चार धागे उपटून काडी लावली. धागे वितळले, त्यांची काळी कडक गोळी झाली. मग शेजारच्या मेंढीची लोकर ओढून पेटवली. केस जळल्याचा वास सुटला आणि बोटांत नुसती राख उरली.

"कोणी घेतले हे?" तिनं विचारलं.

"असलेच माह्या सांगण्यावरून घेतले एकीनं," मधुकरराव म्हणाले.

तसेच ते सदाशिवरावांच्या घरी गेले. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, सुटलेल्या झुपक्यासकट. सदाशिवराव खुर्चीतून उठले.

"त्या दिवशी 'मले माहीत नाई' म्हटलं असतं तुमी..." ते बोलले, आणि वाक्य तसंच सोडून आत गेले.

मधुकररावांनी गुंजनला पत्र लिहिलं. महिन्याभरानं दुकानात तिचा फोन आला.

"काका, मलेही घेताना शंका आलती," ती म्हणाली. "दुकानदार लेबल नीट पाहू देईना. पण तुम्ही म्हटलं, मग मी सोडून दिलं." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मधुकररावांना वाटलं.

पुढच्या हिवाळ्यात तो सेलवाला आर्वीतच आला आणि बाजाराजवळ त्यानं मांडव टाकला. मधुकरराव रोज दुकान बंद ठेवून त्या मांडवाशी जाऊन उभे राहत. येईल त्याला सांगत, लोकर फाकवून पाहा, खाली कातडं दिसलं तरच घ्या. एक धागा जाळून पाहा. लेबल झाकत असेल तर हातच लावू नका. काही लोक ऐकून परतले. पुष्कळांनी ऐकलं नाही. "ह्याचा धंदा बसून राह्यला, म्हणून बोंबलते," असं एकानं त्यांच्या तोंडावर म्हटलं.  दुसऱ्या दिवशी मधुकरराव पुन्हा गेले.

सदाशिवराव रस्त्यात भेटले की हात जोडत, तब्येत विचारत. पण पुढच्या उन्हाळ्यात चपला मात्र त्यांनी वर्ध्याहून आणल्या.