मॉडेलचे फोटो

नवोदित नेपथ्यकारांच्या शिबिराचा शेवटचा दिवस. मेघनानं आपल्या नेपथ्याचं पुठ्ठ्याचं मॉडेल टेबलावर मांडलं. मार्गदर्शक सर "वा, वा" करत मोबाईलवर त्याचे चहूबाजूंनी फोटो काढू लागले. मेघनाकडे मात्र त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मी तिच्या शेजारीच बसले होते; मला ते खटकलं. नव्यांना हात देणाऱ्यांचा दुसरा हात कुठे आहे, हे हल्ली मी आधी बघते. असेल माझंच मन कोतं. पण कौतुक करताना माणूस माणसाकडे बघतो ना?

"इथं मधे काहीतरी हवंय गं," सर म्हणाले.

"जिना आहे, सर," मेघना गोड हसली. "तो प्रयोगालाच बघा."

टेबलाखाली तिची मूठ घट्ट मिटलेली होती आणि बोटांमधून पुठ्ठ्याची एक पायरी डोकावत होती.