यादीतून गळालेली उमा

माझ्या साडूभाऊंइतका सूचनापत्रकांवर जीव असलेला माणूस अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात दुसरा निघणार नाही. शेगावला स्टेशनाजवळ त्यांचं टायपिंगचं दुकान आहे. डोकं दुखलं तर माणसं गोळी घेतात; हे आधी डबीतला कागद उलगडून शेवटपर्यंत वाचतात, तोवर डोकेदुखीच कंटाळून निघून जाते. एका लॉजमध्ये पाटी होती, ‘सकाळी गरम पाणी मिळेल’. यांनी खिशातला मार्कर काढून पुढं ‘आठपर्यंतच’ असं लिहिलं आणि मॅनेजरला म्हणाले, “अर्धवट लिहून लोकाइले काऊन थंड्या पाण्यानं आंघोळ घालता?”

अशा माणसाच्या हातून मुलीच्या लग्नातच घोळ व्हावा! पाहुण्यांची यादी त्यांनी इंग्रजीत टाईप केली होती, ती फाइल ऐनवेळी बिघडली. मग त्यांनी संगणकावर एक फुकटचं साधन चालवलं. काळ्या पडद्यावर हुकूम टाईप करायचा, की ते बिघडलेल्या फाइलीतून वाचता येईल तेवढा मजकूर उपसून देतं. भराभर नावं आली. त्याच यादीवर खुणा करत पत्रिका वाटल्या. पण सलग चार अक्षरं नसली तर हे साधन तो मजकूर गुपचूप सोडून देतं. लांबच्यांची नावं आडनावासकट होती, ती सगळी आली. घरच्यांची आडनावं कोण लिहितं? त्यांची संग्रामपूरची चुलतबहीण उमा इंग्रजीत तीनच अक्षरांची, ती गळाली. लग्नाला आली नाही, पुढं राखीलाही नाही, फोन उचलणंही बंद.

साडूभाऊ हट्टाला पेटले. साधनाच्या माहितीपत्रकात चाराचा उल्लेख होता, तिनाचं काय होतं ते नव्हतं. ते साधन सांभाळणाऱ्या परदेशातल्या मंडळींना त्यांनी पत्र धाडलं. उत्तर आलं, की हे समजण्यासारखंच आहे. “कोणाले समजण्यासारखं? उमाले तं नाही समजलं,” असं म्हणून ते पुन्हा बसले. वाक्य खोडलं, लिहिलं, पाठवलं, परत आलं, पुन्हा पाठवलं. पावसाळा गेला, कापूस घरात आला, आणि एकदाचं त्यांचं वाक्य पत्रकात चाराच्या उल्लेखापुढं लागलं: ‘यापेक्षा लहान मजकूर फाइलीत असला, तरी दाखवला जाणार नाही.’

त्याची छापील प्रत घेऊन ते संग्रामपूरला निघाले. साक्षीदार म्हणून मलाही नेलं. ओसरीवर बसून त्यांनी उमाला ते वाक्य मराठीत समजावून सांगितलं, चांगलं दोनदा.

“मशीनले चार अक्षरं लागतात, समजलं मले,” ती म्हणाली. “पण दादा, तुले माही आठवण यायले यादीचा कागद काऊन लागला?”

मी साडूभाऊंकडं पाहिलं. त्यांनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

“चुकलं माह्यं,” ते म्हणाले. पुढं काही जोडलं नाही.

उमानं डोळ्यांना पदर लावला आणि चहा ठेवायला आत गेली.